पिंगळा की रानपिंगळा?

संध्याकाळी जुन्या आंब्याच्या ढोलीतून एकदम कर्कश किलबिलाट ऐकू येतो ना? तो आपला पिंगळा. साळुंकीएवढं, पिवळ्या डोळ्यांचं हे छोटं घुबड भारतभर गावात, शेतात, अगदी शहरातही राहतं. त्याचाच एक भाऊबंद जंगलात राहतो. त्याचं नाव रानपिंगळा. दोघं इतके सारखे दिसतात की भलेभले फसतात.

ओळखायचं कसं?

डोकं पाहा: पिंगळ्याच्या डोक्यावर आणि पाठीवर पांढरे ठिपके ठळक दिसतात. रानपिंगळ्याचे ठिपके अगदी पुसट असतात.

छाती पाहा: रानपिंगळ्याची छाती जवळजवळ सलग तपकिरी असते आणि पोट मधोमध पांढरं. पंखांवर आणि शेपटीवर रुंद पट्टे, चोच आणि पायही जास्त दणकट.

वेळ पाहा: पिंगळा सहसा तिन्हीसांजेनंतर शिकारीला निघतो. रानपिंगळा मात्र भर दिवसा सरडे, उंदीर, किडे पकडतो.

हा फरक कळणं का महत्त्वाचं? १८८४ नंतर रानपिंगळ्याचा खात्रीलायक पुरावाच मिळेना. मधल्या काळात तो दिसल्याचे दावे झाले, फोटोही आले. पण ते साध्या पिंगळ्याचे निघाले. पक्षी नामशेष झाला, असंच अनेकांना वाटू लागलं. अखेर नोव्हेंबर १९९७ मध्ये पॅमेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळ दिसला. तब्बल ११३ वर्षांनी!

पुढे मेळघाट, मध्य प्रदेशातलं खंडवा, गुजरातमधलं डांग आणि मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही तो सापडला. तरीही तो आज संकटग्रस्त आहे. पिंगळ्याला घराची वळचण किंवा भिंतीतलं भोकही चालतं. रानपिंगळ्याला मात्र सागाचं पानझडी जंगल आणि ढोली असलेली जुनी झाडंच लागतात. ती तुटली की त्याचं घरच गेलं.

त्यात अंधश्रद्धेची भर. जादूटोण्यासाठी घुबडं पकडली जातात, आणि पकडणारा पिंगळा कोणता, रानपिंगळा कोणता हे बघत नाही. दोघांनाही मारणं किंवा पकडणं कायद्याने गुन्हा आहे.

सागाच्या जंगलात दिवसाउजेडी छोटं घुबड दिसलं, तर लांबूनच फोटो काढा, वनखात्याला कळवा. घरट्याजवळ मात्र जाऊ नका. आणि अंगणातल्या पिंगळ्याला अपशकुनी म्हणून हाकलू नका. शेतातले उंदीर तोच तर खातो!