‘काळी पडशील’ नको, ‘टोपी घाल’ म्हणा!



मार्च उजाडला की पालघर-बोईसरकडे घराघरांत एक वाक्य ऐकू येतं, "उन्हात जाऊ नकोस, काळी पडशील!" हे बहुतेक मुलींनाच सांगितलं जातं. सनस्क्रीन आणली तर तीही रंगासाठीच. माझं स्पष्ट मत आहे: मुलांना उन्हापासून जपायलाच हवं, पण त्याचं कारण चुकीचं सांगू नका.

चुकीच्या कारणाने काय होतं? मुलगी मैदानावर यायचं टाळते. आणि "हा आधीच सावळा, याला काय होतंय" म्हणून मुलगा भर दुपारी उघड्या डोक्याने क्रिकेट खेळतो. सावळी त्वचा लवकर भाजत नाही हे खरं. पण उष्माघात रंग बघून होत नाही. आपली हवा दमट, घाम लवकर वाळत नाही, म्हणून शरीर थंड होत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. तेव्हा तापमान सुमारे ३८ अंशच होतं.

सनस्क्रीन फक्त त्वचा जपते, उष्माघात थांबवत नाही. लावायची तर किमान एसपीएफ ३० ची, निघण्यापूर्वी १५-२० मिनिटे आणि दर दोन तासांनी पुन्हा. सहा महिन्यांखालील बाळाला मात्र सावलीतच ठेवावं. रोजंदारीवर जाणाऱ्या पालकांना दर महिन्याला ट्यूब परवडत नाही. पण त्यावाचून अडत नाही. रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, पाण्याची बाटली आणि झाडाची सावली, एवढं तर जमतंच.

मुलांना एक युक्ती शिकवा: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली, की ऊन कडक झालं समजायचं आणि सावली गाठायची. परिसर अभ्यासाचा पाठही होतो!

२०२५ च्या उन्हाळ्यात शासनाने प्राथमिक शाळांची वेळ सकाळी ७ ते ११.१५ केली. चांगलंच झालं. पण सव्वाअकराला शाळा सुटते, तेव्हा सावली आखूड झालेली असते आणि पाड्यावरची मुलं तेव्हाच पायी घरी निघतात. म्हणून शिक्षकांनो, टोपीला गणवेशात जागा द्या, खेळाचा तास पहिला घ्या, सुटताना बाटल्या भरून द्या. आणि पालकहो, मुलीला मैदानावर पाठवा, टोपी घालून!