लायसन गाडी चालवण्याचं, दुसऱ्या कशाचं नव्हे

बहादरपूर आणि बुऱ्हाणपूर परिसरातील नागरिकांना जाहीर आवाहन



अठरा वर्षं पूर्ण झाली की आपल्या गावचा मुलगा सरकारच्या दारात पहिल्यांदा जातो तो बहुधा लायसनसाठी. केळीची गाडी रावेरला न्यायची, पावरलूमवर रात्रपाळीला जायचं, आजारी आईला बुऱ्हाणपूरच्या दवाखान्यात न्यायचं, यातलं काहीही गाडीवाचून होत नाही. ज्याच्या हातात ते लायसन अडवून धरण्याची ताकद, त्याच्याच हातात त्या मुलाची रोजीरोटी. म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे: गाडी चालवण्याशी संबंध नसलेली एकही अट लायसनच्या अर्जाला जोडता कामा नये. सैन्याच्या नोंदणीची तर मुळीच नाही.

अमेरिकेत हे घडलं आहे. तिथली सक्तीची सैन्यभरती 1973 मध्ये थांबली, पण 1980 पासून 18 ते 25 वयाच्या पुरुषांनी ‘सिलेक्टिव्ह सर्व्हिस’ या सरकारी खात्याकडे नाव नोंदवणं पुन्हा बंधनकारक झालं. उद्या सक्तीची भरती पुन्हा सुरू झालीच, तर मुलं याच यादीतून बोलावली जातील. नाव न नोंदवणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंडाची तरतूद आहे. एवढा धाक असूनही सगळी मुलं आपणहून नोंदणी करत नाहीत. मग अनेक राज्यांनी लायसनचा अर्ज हाताशी धरला. अर्जावर सही केली की त्यातली माहिती परस्पर त्या खात्याकडे जाते. काही राज्यांत नकार द्यायची सोयच नाही. नकार दिला तर लायसन नाही. ग्रीन कार्डावर राहणाऱ्या मराठी घरांतल्या मुलांनाही हा कायदा लागू आहे. त्या देशाचं नागरिकत्व मिळालेलं नसतं, मतदानाचा हक्क नसतो, आणि तरी सोळा-सतरा वर्षांचं पोर गाडी शिकण्याच्या आनंदात लढाईच्या यादीसाठी सही करून बसतं.

रशियानं 2023 मध्ये याहून पुढचं पाऊल टाकलं. सैन्याचं बोलावणं आल्यावर ठरल्या मुदतीत जो हजर होत नाही, त्याला गाडी चालवायला, कर्ज घ्यायला, घर नावावर करायला बंदी घालणारा कायदा तिथे झाला. त्या माणसाला गाडी नीट चालवता येते की नाही, याचा त्या बंदीशी काडीचा संबंध नाही.

कोणी विचारेल, आपल्याकडे सक्तीची भरती नाही, मग बहादरपुरात हे पत्रक कशाला? याचं उत्तर आपल्या देशाच्या संसदेतच आहे. 2018 मध्ये संरक्षण खात्याच्या संसदीय स्थायी समितीनं शिफारस केली होती की केंद्र आणि राज्य सरकारांत थेट राजपत्रित अधिकारी होऊ पाहणाऱ्यांना आधी पाच वर्षांची सैनिकी सेवा सक्तीची करावी. ती अमलात आली नाही. पण नोकरीला बांधता येतं ते उद्या लायसनलाही बांधता येतं, ही कल्पना कोणाच्या डोक्यात यायला वेळ लागत नाही.

आपल्या सैन्याला अशा बांधाबांधीची गरज कधी पडली? 1962, 1965, 1971, कुठल्याही युद्धात आपण सक्तीची भरती केली नाही. पहाटे अंधारात रस्त्यानं धावण्याचा सराव करणारी आपल्या भागातली पोरं पहा. त्यांना कुणी ढकललेलं नाही. 2022 च्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनी चौघांपैकी जास्तीत जास्त एकालाच पुढे कायम ठेवलं जाणार, हे माहीत असूनही ती धावतात. अशा मुलांच्या देशात लायसनची अडवणूक करून सैन्याची यादी भरणं हा त्यांचा अपमान आहे. सरकारला सक्ती हवीच असेल तर संसदेत उघड कायदा आणावा, त्यावर वाद होऊ द्यावा, मतदान होऊ द्यावं. आरटीओच्या अर्जाच्या तळाशी बारीक अक्षरांत देशाचं धोरण ठरत नसतं.

आणि अडवणूक म्हणजे काय, हे आपल्या वडीलधाऱ्यांना विचारा. आणीबाणीत नसबंदीचे आकडे गाठायचे म्हणून शिक्षकांचे पगार अडवले गेले, दिल्लीत घराच्या प्लॉटसाठी नसबंदीचा दाखला मागितला गेला. 1976-77 या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून जास्त नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तर सक्तीचं विधेयकच मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. 2008 मध्ये आपल्याच मध्यप्रदेशातल्या शिवपुरी जिल्ह्यात नसबंदी करून घेणाऱ्याला बंदुकीचा परवाना लवकर देण्याची योजना निघाली. 2021 च्या नोव्हेंबरात औरंगाबाद जिल्ह्यात कोरोनाची लस न घेतलेल्यांना पेट्रोल, गॅस आणि रेशन न देण्याचा आदेश निघाला. लस चांगलीच होती, मी ती घेतली आणि इतरांनाही घ्यायला सांगितली. पण लसीसाठी कुणाचं रेशन तोडणं मला तेव्हाही पटलं नाही. पुढे 2 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कुणालाही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही.

दर वेळी हेतू चांगलाच सांगितला गेला. लोकसंख्या, आरोग्य, देशाची सुरक्षा. दर वेळी पकडला गेला तो ज्याला दुसरा मार्ग नाही असा माणूस. पैसेवाला पेट्रोल दुसरीकडून मिळवतो, ड्रायव्हर ठेवतो. रेशनच्या रांगेतला आणि टेम्पोवरचा माणूस काय करणार?

शिवाय लायसनसाठी दिलेली माहिती लायसनपुरतीच राहील या भरवशावर राहू नका. 2019 मध्ये सरकारनंच राज्यसभेत सांगितलं की ‘वाहन’ (गाड्यांची नोंदणी) आणि ‘सारथी’ (लायसन) या सरकारी संगणक प्रणालींतली माहिती 87 खासगी कंपन्या आणि 32 सरकारी संस्थांना उपलब्ध करून दिली होती आणि त्यातून सुमारे 65 कोटी रुपये मिळाले. ओरड झाल्यावर 2020 मध्ये ते धोरण मागे घेतलं गेलं. ओरड झाली नसती तर?

विचारण्याची सरळ रीत आपल्याच अर्जात आहे. अपघाती मृत्यू आल्यास अवयवदान करायला तुमची तयारी आहे का, असा प्रश्न लायसनच्या अर्जात असतो. उत्तर हो द्या किंवा नाही द्या, लायसन अडत नाही. अवयवदानानं दुसऱ्याचा जीव वाचतो, तरी सरकार तिथे विचारतं, बळजबरी करत नाही. सैन्यात जायची इच्छा आहे का, असंही याच रीतीनं विचारायला माझी हरकत नाही.

तेव्हा माझी विनंती आहे. एमपी ऑनलाइनच्या दुकानात किंवा एजंटकडे अर्ज भरताना स्क्रीन स्वतः पहा, प्रत्येक टिकची खूण कशासाठी आहे ते विचारा. आधारशिवाय अर्ज करण्याचा पर्याय सारथीवर आहे. तो हवा असेल तर मागून घ्या. मुलांना न वाचता सही करू देऊ नका. आणि पुढच्या ग्रामसभेत ठराव मांडू: वाहन चालवण्याच्या पात्रतेशी संबंध नसलेली कोणतीही अट लायसनला जोडू नये. तो ठराव खंडव्याच्या खासदारांना आणि आपल्या आमदारांना पाठवू. ग्रामसभेला या, हात वर करा.

आपला,
बहादरपूरचा एक रहिवासी