मसीहा आला, की यायचा आहे?

निवडणुकीच्या फलकांवर ‘गरिबांचा मसीहा’ सर्रास झळकतो. मूळ हिब्रू शब्द ‘माशियाह’, म्हणजे तेलाने अभिषेक केलेला. ‘ख्रिस्त’ हे त्याच्याच ग्रीक भाषांतरातून आलेले रूप. ख्रिस्ती श्रद्धेनुसार तो मसीहा म्हणजे देवपुत्र येशू. तो येऊन गेला, पुन्हा येईल. पारंपरिक ज्यू श्रद्धेत मसीहा दावीद राजाच्या वंशातला माणूस आहे, देव नव्हे. तो आल्यावर विखुरलेले ज्यू एकत्र येतील, युद्धे थांबतील. युद्धे तर चालूच आहेत. म्हणजे तो अजून यायचा आहे, असा त्यांचा सरळ हिशेब. ज्यू धर्माला अर्धवट राहिलेला ख्रिस्ती धर्म समजणे म्हणूनच चुकीचे.

हा प्रश्न मराठीतही येऊन गेला. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल ज्यूंसाठी मराठीतून हिब्रू व्याकरण काढले. समाजाने मिशनचे शिक्षण घेतले, पण धर्मांतर फार थोड्यांनीच केले. उलट ते आपल्याच धर्मग्रंथांच्या अधिक जवळ गेले. आजही नवस फेडताना पोहे, साखर, नारळाचा मालिदा करून एलिया संदेष्ट्याचे नाव घेतले जाते. मसीहाच्या आधी येणार तो हाच एलिया. ख्रिस्ती मात्र ते काम बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाने केव्हाच पार पाडले, असे मानतात.