आखाती परिषद निकामी नाही

५ जून २०१७ ला कतारची नाकेबंदी सुरू झाली आणि 'आखाती सहकार्य परिषद संपली' हे विधान आपल्याकडे जवळजवळ सिद्धांतासारखं बोललं जाऊ लागलं. सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती आणि बहरीन या तीन सदस्यांनी इजिप्तला सोबत घेऊन स्वतःच्याच संघटनेतल्या चौथ्याशी संबंध तोडले. सीमा बंद, आकाश बंद, वर तेरा मागण्यांची यादी. कुवेत आणि ओमान त्यात सामील झाले नाहीत, पण रियाधमधल्या सचिवालयाला काही करता आलं नाही. सहा घरांतलं भांडण जिला मिटवता येत नाही, तिच्याशी भारताने बोलणी करत वर्षं का घालवावीत? एकेका राज्यकर्त्याशी थेट व्यवहार करून मोकळं व्हावं, असं म्हणणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत.

हा पूर्वपक्ष पोकळ नाही. १९९० मध्ये इराकने कुवेत गिळला तेव्हा परिषदेच्या 'द्वीपकल्प ढाल' या संयुक्त सेनेला तो वाचवता आला नाही. कुवेत मुक्त केला तो अमेरिकेच्या नेतृत्वाखालच्या फौजांनी. २००० मध्ये सहाही देशांनी एकावरचा हल्ला तो सर्वांवरचा हल्ला असा संरक्षण करार केला, तरी कतारमधला अल-उदैद तळ आणि बहरीनमधलं पाचव्या आरमाराचं ठाणं अमेरिकेचंच राहिलं. समान चलनाची तीच गत. ओमान आधीच बाहेर पडला होता. २००९ मध्ये चलन परिषदेचं मुख्यालय रियाधला ठरताच अमिरातीनेही अंग काढून घेतलं. मुंबईच्या वाचकाला यातली एक गोष्ट विशेष बोचावी. कुवेत, बहरीन, कतार, आजच्या अमिरातीचा प्रदेश आणि ओमान इथे एके काळी एकच चलन चालत होतं आणि ते आपलं होतं. १९५९ पासून रिझर्व्ह बँक खास आखातासाठी वेगळे रुपये छापत असे. कुवेतने १९६१ मध्ये आणि बहरीनने १९६५ मध्ये स्वतःचा दिनार आणला. १९६६ च्या अवमूल्यनानंतर बाकीचेही रुपयापासून दूर झाले. परक्या बँकेच्या नोटेवर जे जमलं, ते स्वतःच्या सहीने जमू नये, हे अपयशच आहे.

एवढं मान्य करूनही 'संपली' हा निष्कर्ष मला चुकीचा वाटतो, कारण तो चुकीच्या मापाने काढलेला आहे. परिषदेला युरोपीय संघाची किंवा नाटोची फूटपट्टी लावली की ती तोकडी दिसणारच. तिचा जन्म २५ मे १९८१ ला अबूधाबीत झाला. इराणमध्ये क्रांती होऊन दोन वर्षं झाली होती, इराण-इराक युद्ध पेटलं होतं. पण छोट्या राज्यांना भीती केवळ इराणची नव्हती. शेजारी सौदी अरेबियासारखा अवाढव्य भिडू होता आणि त्याच्या सावलीत आपलं नाव पुसलं जाऊ नये, ही चिंताही तेवढीच खरी होती. म्हणून सनदेतच तरतूद झाली : सर्वोच्च परिषदेत प्रत्येक देशाला एक मत, आणि महत्त्वाच्या विषयावर हजर सदस्यांचं एकमत हवं. बहरीनचं मत सौदीएवढंच. अध्यक्षपद दरवर्षी अरबी वर्णमालेच्या क्रमाने फिरतं. तंटा मिटवणारा आयोगही कायमचा नाही. वाद सर्वोच्च परिषदेकडून आला तर त्या त्या वेळी तो नेमायचा. कुणालाही कुणावर सक्ती करता येऊ नये, यासाठीच हे यंत्र जुळवलेलं आहे. ते सक्ती करत नाही म्हणून त्याला मोडकं म्हणणं हा न्याय नव्हे.

आणि कतारचंच उदाहरण शेवटपर्यंत पाहावं. त्याला परिषदेतून काढून टाकलं नाही. डिसेंबर २०१७ मध्ये कुवेतच्या शिखर परिषदेला कतारचे अमीर गेले. सौदीचे राजे आले नाहीत, बैठक एका दिवसात गुंडाळली गेली, पण खुर्ची राहिली. कुवेतचे अमीर शेख सबाह मध्यस्थी करत राहिले आणि त्यांच्या निधनानंतर, ५ जानेवारी २०२१ ला, अल-उला इथे समेट झाला. तो कुठे झाला? परिषदेच्याच ४१ व्या शिखर बैठकीत. भांडताना जी संस्था निरुपयोगी वाटली, तिनेच परतायला दार ठेवलं होतं.

तिचं रोजचं काम मात्र आपल्या बातम्यांत येत नाही. २००३ पासून बाहेरच्या बहुतेक मालावर सहाही देशांत पाच टक्के समान जकात आहे. २००८ पासून सामाईक बाजार. विजेचं जाळं २००९ पासून टप्प्याटप्प्याने जोडलं गेलं. एका सदस्य देशाचा नागरिक दुसऱ्या देशात नोकरी करतो तेव्हा त्याच्या मायदेशातलं निवृत्तिवेतनाचं संरक्षण त्याच्यासोबत जातं.

परदेशांशी भागीदारीतही 'हे सगळे अमेरिकेच्या खिशात' हा आरोप टिकत नाही. २००४ मध्ये बहरीनने अमेरिकेशी स्वतंत्र व्यापार करार केला, तेव्हा समान जकातीला छेद गेला म्हणून आक्षेप घेतला तो सौदीने. युरोपशी १९८८ मध्ये सहकार्य करार झाला, १९९० पासून मुक्त व्यापाराची बोलणी चालली, ती २००८ मध्ये परिषदेनेच थांबवली. सिंगापूरशी झालेला करार मात्र २०१३ मध्ये अंमलात आला.

आता आपल्याबद्दल. भारताने परिषदेशी चौकट करार २००४ मध्ये केला. वाटाघाटींच्या दोन फेऱ्या झाल्या, २००६ आणि २००८ मध्ये, आणि गाडं रुतलं. मग २०२२ मध्ये अमिरातीशी वेगळा करार झाला, डिसेंबर २०२५ मध्ये ओमानशी झाला. दोन्ही चांगले आहेत. पण अंधेरीच्या सीप्झमध्ये घडलेल्या दागिन्यावरची पाच टक्के जकात दुबईत गेली, तरी त्याच दागिन्याला कुवेतच्या वेशीवर त्या कराराचा उपयोग नाही. सुटे करार ही समग्र कराराची पायरी आहे. त्याची जागा ते घेऊ शकत नाहीत.

माझ्या मते मोठा प्रश्न दागिन्यांचा नाहीच, माणसांचा आहे. सहा देशांत मिळून सुमारे नव्वद लाख भारतीय राहतात. रत्नागिरी-रायगडातल्या कितीतरी घरांची छपरं त्या पगारावर उभी आहेत. परिषदेचा सामाईक बाजार या माणसांसाठी नाही. कुवेतमध्ये वर्षानुवर्षं राबलेला कोकणी वेल्डर दोहाला गेला की नवा व्हिसा, नवा प्रायोजक, नवी सुरुवात. आधीची सेवा सोबत येत नाही. बहरीनच्या नागरिकाला जे मिळतं त्याचा छोटासा अंशही त्याला नाही. याचा दोष सहा राज्यांचा आहेच, पण परिषदेसमोर ही मागणी आपण किती जोराने मांडली, हेही स्वतःला विचारायला हवं. एकेका देशाशी बोलून एका देशापुरतीच सोय होते. सेवेची वर्षं सीमेपलीकडे मोजली जावीत, थकलेला पगार देश बदलल्यावरही वसूल करता यावा, हे सहाही देश एकत्र बसतील तिथेच ठरू शकतं आणि तसं टेबल फक्त रियाधला आहे.

सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच रियाधला भारत आणि परिषदेच्या परराष्ट्रमंत्र्यांचा पहिला सामरिक संवाद झाला आणि २०२८ पर्यंतचा संयुक्त कृती आराखडा स्वीकारला गेला. व्यापाराच्या वाटाघाटींना आपलं शिष्टमंडळ बसेल तेव्हा त्याने जकातीच्या कोष्टकाआधी या वेल्डरचा कागद पुढे सरकवावा, आणि त्यासाठी कोकणातून निवडून गेलेल्या प्रत्येक खासदाराने संसदेत उभं राहावं.