खडी फोडली बाईनं, वाट कुणाची?

‘घराघरात मारझोड चालू आहे, पाण्याच्या टँकरमागं बायका धावताहेत, आणि तुम्हांला डोंगरात सायकली फिरवायचं सुचतं तरी कसं?’ कात्रपच्या आमच्या बैठकीत एका जुन्या कार्यकर्तीनं हा प्रश्न विचारला आणि चार-पाच जणींनी माना डोलावल्या. मी सुचवलं होतं ते एवढंच, की डोंगरवाटांची निगा राखणाऱ्या आणि त्याच वाटांवर सायकल चालवणाऱ्या स्वयंसेवी मंडळांत आपल्या गटातल्या बायकांनी जावं. प्रश्न खोचक होता, पण खोटा नव्हता. त्याचं उत्तर द्यायला हवं, आणि तेही ‘व्यायाम होतो, मन रमतं’ असल्या गुळमुळीत भाषेत नको.

असं मंडळ म्हणजे काय, ते आधी सांगते. माउंटन बाइक आता आपल्याकडच्या पोरांना माहीत आहे. जाड टायर, सरळ हँडल, गिअर, पुढच्या चाकाला शॉकअप. ही सायकल दगडधोंड्यांच्या पायवाटेवरून जाते. पण वाट आपोआप टिकत नाही. पावसाळ्यात ती वाहून जाते, रान माजतं, दरड येते. म्हणून मंडळातले सभासद सुटीच्या दिवशी कुदळ-फावडं घेऊन जातात, झुडपं तोडतात, दगड बसवतात, पाण्याला बाजूला काढतात, आणि मग त्या वाटेवर सायकल चालवतात. आपल्याकडे किल्ल्यांवर टाकी साफ करणारे, पायऱ्या मोकळ्या करणारे श्रमदानाचे गट कित्येक वर्षं आहेत, त्यांच्याच जातकुळीचं हे काम. मी स्वतः दोन हिवाळे अशा एका गटाबरोबर काम केलं आहे. त्याचं नाव देत नाही, कारण पुढं त्याच्याबद्दल बरंवाईट बोलायचं आहे.

आता श्रमाबद्दल. १९७२ च्या दुष्काळात या महाराष्ट्रात रोजगार हमीची कामं निघाली, १९७७ साली त्याचा कायदा झाला. त्या कामांवर बायका हजारोंनी होत्या. त्यांनी खडी फोडली, घमेली वाहिली, मुरूम पसरला. खेड्यापाड्यांतले किती तरी रस्ते त्यांच्या डोक्यावरून गेले आहेत. त्या रस्त्यांवर पुढं एसटी आली, ट्रॅक्टर आला, पुरुषांच्या फटफट्या आल्या. ती बाई मात्र डोक्यावर हंडा घेऊन कडेनं चालत राहिली. रस्ता करायला बाई चालते, पण रस्ता कुठून कुठं जावा हे ठरवायला चालत नाही, आणि त्यावरून वेगानं जायला तर नाहीच नाही. वाटेच्या मंडळात पहिल्यांदाच असं होतं की जी खणते तीच ठरवते आणि तीच चालवते. माझ्या लेखी यातली सगळ्यात मोठी कमाई हीच आहे. स्नायू बळकट होणं वगैरे नंतरचं.

बाई डोंगरात जातच नाही असं नाही. चंदेरीच्या, मलंगगडाच्या पायथ्याच्या पाड्यांतल्या ठाकर, कातकरी बायका पिढ्यान् पिढ्या डोंगर तुडवताहेत, मोळ्या घेऊन. देवाला जायला बाईला परवानगी आहे, पाण्याला आहे, सरपणाला आहे. आपल्या गडकोटांच्या गोष्टींत सर्वांना पाठ असलेली बाई कोण? हिरकणी. आणि ती रायगडाचा कडा का उतरली? तान्हं बाळ भुकेलं होतं म्हणून. तिच्या धाडसाला माझा मुजरा आहे. पण तीच हिरकणी ‘मला आज कडा उतरून बघायचा होता’ असं म्हणाली असती, तर तिच्या नावानं बुरूज बांधला असता का?

स्वतःसाठी डोंगरात जाणं हा बाईच्या बाबतीत आजही गुन्हाच आहे, कारण त्यासाठी लागतो वेळ. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीनं सांगितलं, की बिनपगारी घरकाम करणारी बाई त्यात दिवसाची २९९ मिनिटं घालवते, आणि जो काही पुरुष घरकाम करतो तो ९७. कात्रपमधल्या नोकरदार बाईचं गणित आणखी अवघड आहे. बदलापूर ते मुंबई ६८ किलोमीटर. पहाटे चारला उठून डबे करायचे, महिला डब्यात लोंबकळत जायचं, रात्री आठला परत, वाटेत भाजी निवडायची. उरला रविवार. तोही धुणं, दळण आणि पाहुण्यांचा. अशा बाईला रविवारचे चार तास डोंगरात हवे असतील तर तिला घरात भांडावंच लागतं. ते भांडण म्हणजे आपल्या चळवळीचंच काम. वेगळं भाषण द्यावं लागत नाही. ‘सकाळी सहाला जाते, दहाला येते, पोहे तू कर’ एवढ्या एका वाक्यात श्रमविभागणीचा सगळा प्रश्न येतो.

‘पण सुरक्षिततेचं काय?’ हे हमखास विचारलं जातं. बदलापुरात तर हा प्रश्न विचारणाऱ्याला कोणी हसणार नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये इथल्या एका शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं, आणि २० ऑगस्टला लोकांनी स्टेशनात उतरून तासन् तास गाड्या अडवल्या. तो संताप खरा होता. पण त्यानंतर आमच्या गल्लीत काय झालं? मुलींचं खेळणं बंद झालं, क्लासला जाणं बंद झालं, ‘सातच्या आत घरात’ पाचवर आलं. मी विचारते, ते घडलं ते काय चंदेरीच्या रानात? शाळेत घडलं. चार भिंतींच्या आत, आईबापांनी विश्वासानं पाठवलं तिथं. घरातल्या मारझोडीला तर दारसुद्धा बंद असतं. धोका भिंतीच्या आत आणि शिक्षा बाहेरच्या जगावर, हा कुठला न्याय? शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ च्या ‘व्हाय लॉयटर’ या पुस्तकात मुंबईबद्दल हेच मांडलं. बाईला संरक्षण देतो म्हणून तिला बाहेरूनच काढून टाकायचं, हे चालणार नाही. कारणाशिवाय बाहेर असण्याचा आणि धोका पत्करण्याचाही हक्क तिला हवा. रान धोक्याचं नाही, असं मी म्हणत नाही. म्हणून तर मंडळ हवं. दहा जणी एकत्र असतात, वाट प्रत्येकीनं हातानं केलेली असते, कुठल्या वळणावर मोबाइलला रेंज येते आणि कुठल्या पाड्यात मदत मिळते हे ठाऊक असतं. माहितीची जागा ही भीतीची जागा राहत नाही.

सायकल आणि बाई हे नातं आपल्या चळवळीला नवं असायचं कारण नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तामिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेबरोबर बायकांना सायकल शिकवली गेली. शीला राणी चुंकत तेव्हा तिथं कलेक्टर होत्या. हजारो बायका शिकल्या, त्यांत शेतमजूर होत्या, खाणीत काम करणाऱ्या होत्या. लेडीज सायकली कमी पडल्या तेव्हा बायकांनी पुरुषी सायकली घेतल्या, आणि काहींना त्याच बऱ्या वाटल्या, कारण मधल्या दांड्यावर मूल बसवता येतं! मोहिमेच्या लोकांनी सायकलीला साक्षरतेच्या जोडीला बसवलं, कारण दोन्हींमुळं बाई दुसऱ्यावर अवलंबून राहत नाही. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातून शाळेच्या मुलींना सायकली मिळाल्या. पण शाळा सुटली की ती सायकल भावाकडे जाते, हे आपण किती घरांत पाहतो! सायकल हातात येणं आणि सायकलीची सवय अंगात मुरणं यांत फरक आहे. सवय मुरायला सोबतिणी लागतात.

श्रमानं हक्क कसा येतो याचं एक परदेशी उदाहरणही सांगते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या डोंगरवाटा माउंटन बाइकवाल्यांना बंद होऊ लागल्या, तेव्हा १९८८ साली तिथल्या मंडळांनी एकत्र येऊन संघटना काढली आणि वाटा दुरुस्त करायचं काम अंगावर घेतलं. जो वाट राखतो त्याला हाकलणं अवघड जातं. त्याच काळात जॅकी फेलन ही तिथली बाई १९८३ ते १९८५ सलग तीन वर्षं राष्ट्रीय विजेती ठरली. तिनं बायकांचं वेगळं माउंटन बाइक मंडळ काढलं आणि त्याच्या नावात चक्क ‘चहा’ घातला. मला ते फार आवडलं, कारण आमच्या गटात चहाचं काय झालं ते ऐका.

पहिल्या दिवशी आम्ही तिघी बायका गेलो. पुरुषांनी कुदळी उचलल्या आणि आम्हांला म्हणाले, ‘ताई, तुम्ही स्टोव्ह पेटवा.’ पहिल्या दिवशी पेटवला. दुसऱ्या रविवारी स्टोव्ह घरी ठेवून पहार घेऊन गेलो. कुरकुर झाली. मग आखणी सुरू झाली, आणि ते सरळ उताराला वाट काढू लागले, पोरांना वेगात सुटायची हौस! आमच्यातली एक कर्जतकडची, भातशेतीत वाढलेली. ती म्हणाली, ‘अरे, एका पावसात याचा ओढा होईल.’ तेच खरं होतं. वाट उताराला आडवी हवी, तिचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको, बाहेरची कड किंचित खाली हवी म्हणजे पाणी वाटेवरून वाहत न जाता आडवं ओलांडून जातं, आणि ठरावीक अंतरावर उथळ खोलगा हवा. जगभर वाटा करणारे याच नियमानं चालतात. आमच्या मैत्रिणीला तो खाचराच्या बांधानं शिकवला होता. २६ जुलै २००५ आणि पुन्हा २०१९ चा जुलै, जेव्हा महालक्ष्मी एक्स्प्रेस हजारावर प्रवाशांसह बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली, हे पाहिलेल्या गावाला पाणी कुठून वाहतं हे कळणाऱ्या माणसांची किंमत कळायला हवी. त्या दिवसापासून आखणीची दोरी तिच्या हातात आली. तिला भाषण करता येत नाही. गरजही पडली नाही.

शरीराबद्दल थोडं, कारण त्याबद्दल कुजबूज फार होते. सायकलीनं मुलीचं ‘काहीतरी फाटतं’, ही भीती अजून आयांच्या मनात आहे. योनीच्या तोंडाशी असलेला तो पातळ पडदा बाईच्या चारित्र्याचा दाखला नाही. कुणाचा जन्मतःच नावापुरता असतो, कुणाचा खेळताना ताणला जातो. त्यावरून काहीही सिद्ध होत नाही. गुडघ्यावर व्रण पडला तर ‘लग्नाला अडचण’ म्हणणाऱ्यांना मी सांगते, व्रण बघून नकार देणारा मुलगा आपोआप गाळला गेला, बरंच झालं. पाळीच्या दिवसांत जायचं की नाही हे जिचं तिनं ठरवावं. आणि सीटची उंची! पुरुषाच्या मापाची सायकल घेऊन ‘मला जमत नाही’ म्हणणाऱ्या किती जणी मी पाहिल्या. सीट दोन इंच खाली घेतली की जमतं. हा पाना वापरणं, पंक्चर काढणं, ब्रेकची वायर ओढून घेणं, हे शिकायला एक दुपार पुरते.

मध्यमवर्गाचा छंद हा आरोप मात्र मी पूर्ण झटकून टाकणार नाही. चांगली सायकल महाग आहे. आपल्या बचत गटातून दोन-तीन जुन्या घेऊन आळीपाळीनं वापरता येतात, तसं करायला हवं. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की जिथं आपण ‘नवी वाट’ म्हणतो तिथं पाड्यातल्या बाईची जुनी वाट असते. तिची मोळी अडेल असं वळण, तिच्या झऱ्याजवळ चिखल करणारी सायकल, हे आपल्या हातून झालं तर आपण दुसऱ्या पोशाखातले ठेकेदार. पुष्कळसं रान वनखात्याचं आहे, तिथं परवानगी लागते. पण वनखात्याच्या कागदाआधी पाड्यावर जाऊन बसायला हवं. २००६ च्या वनहक्क कायद्यानं ग्रामसभेला शब्द दिला आहे, तो आपण मोडायचा नाही. आमच्या गटात यावरून भांडण झालं, दोन पुरुष सोडून गेले, आणि झऱ्याकडची वाट आम्ही सायकलीसाठी घेतली नाही.

आणखी एक, खास कार्यकर्त्यांसाठी. आपल्या बैठकांत आपण वर्षानुवर्षं दुःख वाटून घेतो. केस, पंचनामा, कोर्टाची तारीख, पुन्हा केस. चांगल्या चांगल्या जणी थकून गप्प झालेल्या मी पाहिल्या आहेत. जिथं बाई पीडित म्हणून येत नाही, कुणाची केस म्हणून येत नाही, अशी एक तरी जागा आपल्याकडे हवी. आमच्याकडे सल्ल्यासाठी आलेली एक मुलगी तीन महिने खाली मान घालून बसायची. वाटेवर दगड बसवताना ती पहिल्यांदा कुणावर तरी ओरडली, ‘तिकडून नको, इकडून उचल!’

मंडळात जाताना अटी घालूनच जा. समितीत निम्म्या बायका, बँकेच्या खात्यावर एक सही बाईची, हत्यारं सगळ्यांच्या हातात, चहा पाळीपाळीनं. नसतील मान्य तर आपलं वेगळं मंडळ काढू, सात जणी पुरतात. पाऊस ओसरला की ऑक्टोबरात काम सुरू होतं. कोयता आणा, पूर्ण बाह्यांचा जुना सदरा घाला, दोन बाटल्या पाणी घ्या. सायकल नसली तरी चालेल. मुलं घरी, त्यांच्या बापापाशी ठेवून या.