कानांतील बिल्ला व साठवलेली आज्ञा

बारामती-इंदापुराकडील गाईम्हशींच्या कानांत बारा अंकी पिवळा बिल्ला आतां सर्वत्र दिसतो. १ जून २०२४ पासून बिल्ल्यावांचून जनावरांच्या खरेदी-विक्रीस राज्य सरकारनें मनाई केल्यामुळें त्याचें महत्त्व वाढलें आहे.

यापुढील पायरी रेडिओ-बिल्ल्याची होय. त्यांत बॅटरी नसते. वाचनयंत्र जवळ आणतांच त्याच्या लहरींतून शक्ति घेऊन तो आपला क्रमांक सांगतो. आंतरराष्ट्रीय पद्धतींत हा क्रमांक पंधरा अंकी असतो. यंत्रांत क्रमवार आज्ञा साठवितां येतात: बिल्ला वाच, तारीख लाव, नोंद लिही. एक कळ दाबली कीं सर्व कामें ओळीनें होतात. मोठ्या गोठ्यास याचा लाभ उघड आहे.

परंतु महसूल खात्यांत कारकुनी करितांना एक गोष्ट मनावर ठसली. हातची चूक एका उताऱ्यावर राहते. ठशाची चूक प्रत्येक प्रतीवर उमटते. साठवलेल्या आज्ञेंत लसीची तारीख चुकली, तर ती सबंध गोठ्याची चुकेल, आणि विम्याच्या वा विक्रीच्या वेळीं भुर्दंड शेतकऱ्यास बसेल.

म्हणून आमची सूचना अशी: लिहिलेलें यंत्रानें पुन्हां वाचून पडताळावें व मेळ न बसल्यास थांबावें, रोजची पहिली नोंद मालकासमक्ष तपासावी, बिल्ला गळून नवा लाविल्यास जुना क्रमांक नव्याशीं जोडून ठेवावा, आणि गोठ्यांत एक साधी वही असावी. संस्थेनें आधीं एखाद्या सभासदाच्या गोठ्यांत हा प्रयोग करून पाहावा, व मगच सर्वांनीं यंत्रासाठीं पैसा घालावा, ही विनंति.