स्टेडियम शेजारीच, पण जॅमला जागा कुठाय?

समजा, तुम्ही शिरवण्यात राहता. वय एकोणीस-वीस. तुमच्याकडे एक सेकंडहँड गिटार आहे. जुईनगरचा मित्र बेस वाजवतो, सानपाड्याच्या मैत्रिणीचा आवाज कमाल आहे आणि कॉलेजातला चौथा भिडू हाताला लागेल ते बाक बडवत असतो. घरी तुम्ही जाहीर करता, ‘आम्ही बँड काढलाय.’ आईचा पहिला प्रश्न, ‘म्हणजे लग्नात वाजवणार?’ आणि दुसरा, ‘पण प्रॅक्टिस कुठे करणार?’

पहिल्या प्रश्नावर हसून वेळ मारून नेता येते. दुसऱ्याचं उत्तर तुमच्याकडे नसतं. खरं सांगायचं तर तुमच्या शहराकडेही नसतं.

गंमत बघा. शिरवण्याहून रिक्षाने थोडक्यात पोहोचता येईल असं नेरुळचं डी. वाय. पाटील स्टेडियम. तिथे मे २०१७ मध्ये जस्टिन बीबर येऊन गेला, डिसेंबर २०१९ मध्ये यू-टू आणि जानेवारी २०२५ मध्ये १८, १९ आणि २१ तारखेला कोल्डप्ले. त्यानंतर आठवड्याभरात, २८ जानेवारीला, पंतप्रधानांनी भुवनेश्वरच्या गुंतवणूक परिषदेत कोल्डप्लेचा दाखला देत ‘कॉन्सर्ट इकॉनॉमी’बद्दल भाष्य केलं आणि हा शब्द सगळ्यांच्या तोंडी झाला. तिकिटं, हॉटेलं, टॅक्सी, खाणंपिणं, पार्किंग असा सगळा हिशेब मांडला गेला. त्यात चूक काही नाही. फक्त एक रकाना कोरा राहिला. स्टेडियममध्ये वाजणारं गाणं मुळात बनतं कुठे?

यू-टूचं उदाहरण घ्या. १९७६ मध्ये डब्लिनच्या एका शाळेत लॅरी मलन नावाच्या ड्रमर पोराने फलकावर चिठ्ठी लावली, वाजवणारे हवेत म्हणून. जी पोरं आली ती जमली त्याच्या घरच्या स्वयंपाकघरात. कोल्डप्लेची मंडळी एकमेकांना भेटली ती लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या हॉस्टेलात. म्हणजे आपल्या शेजारच्या स्टेडियमपर्यंत आलेल्या या दोन बँड्सची सुरुवात एका किचनमध्ये आणि एका हॉस्टेलात झालीय.

आता तुमच्या वन बीएचकेच्या किचनमध्ये ड्रमकिट लावून बघा! ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. साधा ड्रमकिट जोरात वाजवला तर शंभरच्या आसपास जातो. खालच्या मजल्यावरच्या काकांची चूक नाही, त्यांना सकाळची शिफ्ट असते. मग तुम्ही जॅमरूम शोधता. ती तासावर मिळते, तीही लांब कुठेतरी. चौघांचा पॉकेटमनी, चौघांचं वेळापत्रक आणि हार्बरची गर्दी, हे सगळं जुळून आलं तर दोन तास मिळतात. त्यातली वीस मिनिटं वायरी जोडण्यात जातात.

हे दोन तास का महत्त्वाचे, ते ज्यांनी कधी वाजवलंय त्यांना सांगायला नको. बँडचं गाणं कुणी एकजण लिहून आणत नाही. गिटारवाला एक रिफ वाजवतो, ड्रमर चुकून भलत्याच लयीत शिरतो आणि ती चूकच सगळ्यांना आवडते. कुणीतरी मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवतं. पुढच्या वेळी चाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग ऐकायचं, त्यातले वीस सेकंद ठेवायचे, बाकी फेकून द्यायचं. म्हणजे गाणं व्हायला भरपूर वाईट वाजवावं लागतं. घड्याळी तासाचं भाडं डोक्यावर असताना वाईट वाजवायची हिंमत होत नाही. मग पोरं कव्हर्स वाजवतात. ती निदान लगेच जमतात.

मला वाटतं, आपल्याकडची नवी पिढी रॉकपेक्षा रॅपकडे वळली त्याचं एक साधं कारण हेही आहे. रॅपला बीट, मोबाइल आणि स्टेशनबाहेरचा कोपरा पुरतो. यात कमीपणा नाही. मुंबईच्या ‘स्वदेसी’ने २०१९ मध्ये आरेच्या जंगलासाठी ‘द वारली रिव्हॉल्ट’ केलं, त्यात एमसी मवाली मराठीत रॅप करतो आणि सोबत आरेतल्याच प्रकाश भोईर यांचा आवाज आहे. आपल्या भाषेत, आपल्या प्रश्नावर. पण ड्रम, बेस आणि गिटार वाजवणाऱ्यांनी काय करायचं?

मुंबईच्या अंडरग्राउंडने याचं उत्तर स्वतःच्या हिमतीवर शोधलं होतं. १९८६ मध्ये सुरू झालेलं ‘इंडिपेन्डन्स रॉक’ धोबीतलावच्या रंगभवनात भरायचं. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे तिथल्या मैफली थांबल्या. रुग्णालयाशेजारी दणदणाट नको हे बरोबरच; पण त्याच्या बदल्यात दुसरी जागा कुणी दिली नाही. त्याच काळात, २००० मध्ये, साहिल मखिजा या कॉलेजवयीन पोराने ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ सुरू केला. मेटल बँडला लेबल मिळेना, तर त्याने स्वतःच लेबल काढलं आणि इतर बँड्सचे अल्बमही आणले. २०१४ मध्ये हा बँड जर्मनीच्या वाकन महोत्सवात वाजला आणि २०१७ मध्ये त्यांनी मत्स्य, कूर्म, वराह अशा क्रमाने थेट ‘दशावतार’ नावाचा अल्बम केला. स्वतःचा विषय सापडायला सतरा वर्षं लागली. साहिल यूट्यूबवर स्वयंपाकाचा शोही करतो. मेटलवर घर चालणं कठीण असतं, हेही लक्षात ठेवा.

एकट्याच्या जिद्दीवर असं एखादं नाव घडतं. पिढी घडायची तर जागा लागते. फिनलंड हा पन्नास-साठ लाख लोकवस्तीचा देश मेटल बँड्ससाठी जगभर ओळखला जातो. थंडी, अंधार वगैरे कारणं लोक सांगतात. मला त्यांची जागा महत्त्वाची वाटते. १९७९ मध्ये हेलसिंकीत जिवंत संगीतासाठी धडपडणाऱ्या एका संघटनेच्या पोरांनी ‘लेपाक्को’ नावाच्या रिकाम्या इमारतीचा ताबा घेतला. ती १९९९ मध्ये पाडली जाईपर्यंत वीस वर्षं तिथे बँड वाजत राहिले. पुढे २००९ मध्ये त्याच शहरात बौद्धिक अपंगत्व असलेल्या चार जणांनी एका कलाकार्यशाळेत पंक बँड काढला, ‘पेर्त्ती कुरिकान निमिपॅइवॅत’. २०१५ मध्ये युरोव्हिजन स्पर्धेत ते फिनलंडतर्फे उतरले. गाणं दीड मिनिटाचंही नव्हतं आणि विषय काय, तर रोज मला हेच करावं लागतं, भांडी घास, साफसफाई कर, ही कटकट! त्यांना रोजच्या वैतागाचं गाणं करता आलं, कारण त्यासाठी दार उघडं असलेली एक खोली होती.

आणि कृपया ‘ते फिनलंड आहे हो’ म्हणू नका. हे आपल्या दादरला घडलंय. १९७४ पासून छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये ‘आविष्कार’ने प्रायोगिक नाटकं सुरू केली आणि मराठी रंगभूमीला एका चळवळीचं नाव मिळालं, तेही शाळेच्या हॉलवरून. संध्याकाळी रिकामा असणारा हॉल कुणीतरी दिला, एवढीच त्यामागची ‘पायाभूत सुविधा’.

आता शिरवण्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. एकीकडे गावठाण, एकीकडे सेक्टर आणि जवळच एमआयडीसीचा पट्टा. त्याच नियमांत औद्योगिक भागाला दिवसा ७५ आणि रात्री ७० डेसिबलची मुभा आहे. तिथला एखादा बंद गाळा, महापालिकेची संध्याकाळी रिकामी शाळा, एखादं समाजमंदिर. यातली एक खोली नीट साउंडप्रूफ करून पोरांना नाममात्र दरात देणं स्टेडियमपुढे किती छोटं काम आहे! फक्त भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवू नका. त्याने खोलीतला घुमणारा आवाज थोडा बदलतो, बाहेर जाणारा अडत नाही, वर आगीची भीती. आवाज अडतो तो जाड, जड भिंतीने आणि दाराखिडक्यांच्या फटी बुजवल्याने.

हे मागायचं कुणी? तुम्हीच. पाच-सहा बँड, एक नाटकाचा ग्रुप, एक रॅप क्रू मिळून एक अर्ज लिहा. वॉर्ड ऑफिसला द्या, कॉलेजच्या प्राचार्यांनाही द्या. त्यात कोणते वार, किती वाजेपर्यंत, चावी कुणाकडे, तक्रार आली तर जबाबदार कोण, हे स्पष्ट असू द्या. रात्री दहाच्या आत बंद करू, असं लिहा आणि पाळा. गावात हळदीला रात्रभर डीजे सहन करणारी माणसं संध्याकाळी सात ते नऊ, तेही बंद दाराआडच्या बँडला विरोध करतील असं मला वाटत नाही.

पुढचा मोठा शो लागेल तेव्हा जरूर जा, तिकीट मिळालं तर. पण त्याआधी तो अर्ज टाका. आणि घरी आईने पुन्हा विचारलं, ‘प्रॅक्टिस कुठे करणार?’, तर या वेळी तिला पत्ता सांगता यायला हवा.